तेलाखालचा गंज

लोखंड आणि पाणी यांचं वैर आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. विळी धुतली की पुसून ठेवायची, कोयत्याला पावसाळ्याच्या तोंडावर तेलाचा हात द्यायचा, शिवणयंत्रावर पाण्याचा थेंब उडू द्यायचा नाही. त्यामुळे ब्रिटिश सैन्याच्या जुन्या नेमबाजीच्या नियमांत पुढची सूचना भेटते तेव्हा वाचणारा थबकतो: गोळीबार संपल्यावर रायफलीच्या नळीतून उकळतं पाणी ओता. त्यासाठी पलटणीला खास नरसाळी मिळत. पत्र्याचं नरसाळं, त्याची चोच वाकवलेली, म्हणजे ती काडतूस बसतं त्या घरात नीट शिरावी. सोज्वळ पोलादाची, वंगण घालून जपलेली नळी, आणि तिच्यात किटलीभर कढत पाणी.

सूचनेमागचं कारणही नियमावलीत दिलेलं असे आणि ते सूचनेपेक्षा विचित्र आहे. नळीतला मळ दोन प्रकारचा, एक वरवरचा आणि एक आतला, असं सैनिकाला शिकवलं जाई. वरवरचा मळ चिंदीने पुसून निघतो. आतला मात्र गोळी सुटताना दाबाखालच्या वायूंबरोबर पोलादाच्या छिद्रांत शिरून बसतो आणि पुढचे काही दिवस घामासारखा बाहेर पाझरत राहतो. उकळत्या पाण्याने नळी तापली की छिद्रं मोकळी होतात आणि मळ सुटतो. पाणी नसेल तर नळी रोज पुसा, तेल लावा, परत पुसा.

पोलादाला अशी घाम गाळणारी छिद्रं नसतात. पण सैनिकांना दिसत होतं ते खोटं नव्हतं. स्वच्छ पुसून, तेल लावून ठेवलेली नळी दुसऱ्या दिवशी खरोखरच तांबूस दिसायची. आणि उकळत्या पाण्याने धुतलेली दिसायची नाही. निदान चुकलेलं आणि औषध मात्र अचूक, असं विज्ञानाच्या इतिहासात अधूनमधून घडतं. इथे ते बरीच वर्षं चाललं, आणि त्या काळात रायफलीला गंज चढला म्हणून शिक्षा भोगणाऱ्यांत असेही शिपाई असणार, ज्यांनी तेल लावण्यात काडीची कसूर केलेली नव्हती.

गुन्हेगार होता काडतुसाच्या बुडाशी. काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी, तिच्या तोंडाशी गोळी, पोटात दारू आणि बुडाच्या मधोमध वाटाण्याहून लहान धातूची टोपी. रायफलीचा घोडा ओढला की एक टोकदार खिळा या टोपीवर आपटतो, टोपीतलं मिश्रण पेट घेतं आणि त्याची ज्योत दारूपर्यंत पोचते. मिश्रणाचं वजन मिलिग्रॅममध्ये मोजावं इतकंच, दारूच्या तुलनेत नगण्य. म्हणूनच संशय त्याच्यावर फार उशिरा गेला. या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास.

क्लोरेटची कुंडली आधीपासूनच तापट. फ्रेंच रसायनज्ञ बर्तोले याने १७८० च्या दशकात ते तयार केलं आणि बंदुकीच्या दारूत सोऱ्याच्या जागी घालून पाहण्याची कल्पना निघाली. १७८८ मध्ये एसोन इथल्या दारूच्या कारखान्यात हा प्रयोग चालू असताना स्फोट झाला, माणसं मेली. लाव्हाझिए त्या भेटीला हजर होता आणि वाचला. (पुढे सहाच वर्षांत गिलोटिनपासून मात्र वाचला नाही.) दारूचा मुख्य घटक म्हणून क्लोरेट बाद झालं, पण ठोका बसताच पेटण्याचा त्याचा स्वभाव कुणीतरी हेरणारच होतं. तो हेरला स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावच्या एका पाद्र्याने. रेव्हरंड अलेक्झांडर फोरसाइथला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद. चकमकीच्या बंदुकीत कानाजवळची दारू आधी भडकते, मग गोळी सुटते. तेवढ्यात पाखरू उडून जातं. फोरसाइथने ठोक्याने पेटणारी दारू वापरून हा उशीर घालवला आणि १८०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आजच्या प्रत्येक काडतुसाची टोपी त्या पाद्र्याच्या पाखरांशी नातं सांगते. १८५७ म्हटलं की आपल्याला काडतुसावरची चरबी आठवते. पण त्या एन्फिल्ड बंदुकीवर वेगळी बसवावी लागणारी तांब्याची टोपीही होती, आणि तिच्यातही पाऱ्याच्या फल्मिनेटबरोबर क्लोरेट होतं.

कोकणात या टोपीला केप म्हणतात. इंग्रजी 'कॅप'च तो. शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर बाळगलेली ठासणीची बंदूक तिकडे अजून दिसते, आणि दिवाळीत पोरं पत्र्याच्या पिस्तुलात फोडतात त्या टिकल्यांनाही आमच्याकडे केपाच म्हणत. हे भाषिक नातं रसायनाच्या दृष्टीनेही बरोबर आहे, कारण टिकलीत क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस असतो. कार्तिकात कपाटात गेलेलं ते पिस्तूल पुढच्या आश्विनात गंजून, चाप अडकलेलं बाहेर येतं. त्याचा दोष आपण स्वस्त पत्र्याला देतो. पत्रा स्वस्त असतोच, पण टिकलीची राखही त्याला खात असते.

आता ठासणीच्या बंदुकीकडे पाहा, कारण खरी मेख तिथे आहे. तिच्यात काळी दारू ठासतात: सोरा, कोळसा, गंधक. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळाल्यावर वायू होत नाही. तो पोटॅशियमच्या कार्बोनेट, सल्फेट वगैरे क्षारांच्या रूपात मागे राहतो. नळीत काळी, चिकट, कुजक्या अंड्यासारखी वासाची राड होते. ती तेलाने निघत नाही, पाण्याने निघते. आमच्या वाडीत डुकरांच्या मागे जाऊन आलेले आजोबा न्हाणीच्या चुलीवरचं कढत पाणी नळीत ओतत, दोनतीनदा, आणि मग नळी उन्हात उभी करत. यात त्यांना नवल वाटत नसे आणि ते कुणाला शिकवावं लागत नसे. टोपीतून आलेलं थोडंसं क्लोराइड त्या राडीत मिसळून जाई आणि राडीबरोबरच वाहून जाई. ते होतं हे कळायचं कारणच नव्हतं.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएय याने धूरविरहित दारू बनवली आणि पुढच्या दहा वर्षांत सगळ्या सैन्यांनी तसल्या दारूची काडतुसं घेतली. ब्रिटिशांनी थ्री-नॉट-थ्रीमध्ये कॉर्डाइट भरलं. ही दारू जळून जवळजवळ पूर्ण वायूच होते. नळीत राड नाही, वास नाही. एक चिंदी फिरवली की आरसा. म्हणून लोकांनी पाणी सोडलं. आणि नेमक्या त्याच वेळी नळ्या पूर्वीपेक्षा जास्त गंजू लागल्या. टोपी जुनीच होती, क्लोरेट तेवढंच होतं. फक्त त्याला पातळ करणारी राड गेली होती आणि धुणारं पाणीही गेलं होतं.

दोष साहजिकच नव्या दारूवर आला. नायट्रोसेल्युलोज नायट्रिक आम्लापासून बनतं, तेव्हा जळल्यावर आम्ल मागे राहत असणार आणि तेच पोलाद खात असणार, हा तर्क इतका सरळ होता की तो तपासावा असंच कुणाला वाटलं नाही. बाजारात आम्ल मारणारी, अल्कलीयुक्त तेलं आली. त्यांतल्या काहींनी फायदा होई, तो त्यांत पाणी असल्यामुळे.

हा गुंता सोडवला अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्स या सरकारी खात्यातल्या विल्बर्ट हफ या रसायनज्ञाने. १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तांत्रिक निबंधाचं शीर्षकच बोलकं आहे. मराठीत ते 'तेलाच्या थराखालचं गंजणं' असं होईल. गोळीबारानंतर नळीत नेमकं काय उरतं, आणि हवेतला ओलावा बदलला की त्याचं काय होतं, हे त्याने पद्धतशीर पाहिलं. आम्लाचा सिद्धान्त टिकला नाही. नळीत सापडलं ते पोटॅशियम क्लोराइड. टोपीतल्या क्लोरेटमधला ऑक्सिजन ज्वलनात निघून गेला की क्लोराइड उरतं. हिशेबाने शंभर भाग क्लोरेटमागे सुमारे एकसष्ट भाग. ते उष्ण वायूंबरोबर नळीभर पसरतं आणि थंड होताना भिंतीवर बसतं.

पोटॅशियम क्लोराइड आपल्याला अनोळखी नाही. शेतकरी ज्याला नुसतं 'पोटॅश' म्हणतो ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे हेच. रक्तदाबाच्या रोग्यांसाठी कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यातही हेच घातलेलं असतं. म्हणजे गोळी झाडणारा प्रत्येक जण नळीच्या आतून मिठाचा अदृश्य हात फिरवत होता. साध्या मिठाची बरणी पावसाळ्यात पाझरते, कारण हवेची सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पोटॅशियम क्लोराइडसाठी हा आकडा चौऱ्याऐंशीच्या आसपास आहे. मुंबई-रत्नागिरीच्या जुलैत तो रोजच ओलांडला जातो. आणि गंज सुरू व्हायला मीठ पूर्ण विरघळायचीही गरज नसते, पृष्ठभागावर ओलाव्याचा पातळ थर पुरतो. क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर फोडतं, पाण्यातून वीज वाहू देतं, आणि गंज तयार झाल्यावर पुन्हा मोकळं होऊन पुढच्या लोखंडाला भिडतं. समुद्राकाठच्या इमारतींच्या स्लॅबमधल्या सळ्या याच कारणाने फुगतात आणि प्लॅस्टर पाडतात. मीठ या कामात खर्ची पडत नाही, म्हणून काही मिलिग्रॅम पुरे होतात.

तेल का चालत नाही ते आता सांगायला हवं. क्षार तेलात विरघळत नाही, रॉकेलमध्ये नाही, पेट्रोलमध्येही नाही. तेलाची चिंदी नळीतला काजळीचा मळ उचलते, मीठ जागेवर राहतं, आणि त्यावर तेलाचं पांघरूण पडतं. पांघरूण पाण्याला कायमचं अडवू शकत नाही. हवेतला ओलावा सावकाश तेलातून खाली झिरपतो आणि खालचं मीठ त्याला बोलावतच असतं. बाहेरून चकचकीत, आत काम चालू. जुन्या मंडळींना हे घामासारखं पाझरणं वाटलं यात त्यांचा काय दोष?

पाण्यात मात्र हे मीठ सहज जातं. वीस अंशांच्या शंभर मिलिलिटर पाण्यात चौतीस ग्रॅम, उकळत्यात छप्पन्न. नळीत असतं मिलिग्रॅममध्ये. म्हणजे विरघळवण्यासाठी गार पाण्याची एक वाटीही चालली असती. मग उकळतंच का? कारण धुण्याइतकंच वाळवणं महत्त्वाचं आहे. कढत पाण्याने पोलाद इतकं तापतं की नळी उभी केल्यावर उरलेला ओलावा आपोआप उडून जातो. गार पाणी वापरलं तर नळी कोरडी करण्यासाठी चिंद्या ओढत बसावं लागतं, आणि कुठेतरी एक थेंब राहतोच.

एन. सी. सी.मध्ये ज्यांनी दिवस काढलेत त्यांना 'चिंदी' हा शब्द त्याच्या मापासकट आठवत असेल: पुसण्यासाठी चार इंच बाय दोन, तेल लावण्यासाठी चार बाय दीड. ली-एन्फिल्डच्या दस्त्याच्या बुडाला पितळी झाकण असतं. आत तेलाची बाटली आणि पुल-थ्रू, म्हणजे एका टोकाला पितळी वजन असलेली दोरी. वजन मागून सोडायचं, पुढून दोरी ओढायची, फासातली चिंदी नळी घासत बाहेर येते. क्षाराच्या काडतुसांसाठी यात फरक इतकाच की तेलाच्या चिंदीआधी पाण्याची फेरी येते. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासून बोल्ट काढायचा. नळीचं तोंड खाली, नरसाळं मागच्या घरात, पाणी लाकडाच्या आत शिरू नये इतकी काळजी. बोल्टचं तोंड सगळे विसरतात. टोपी त्याच्याच समोर फुटते, तेव्हा तेही पाण्यात बुचकळायचं. मग कोरड्या चिंद्या, त्या कोऱ्या बाहेर येईपर्यंत, आणि शेवटी तेल. हे सगळं त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कोरडी चिंदी ओढून रंग पाहायचा.

हा सगळा इतिहास झाला असं वाटत असेल तर तसं नाही. गंज न आणणाऱ्या टोप्या १९२० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आल्या: अमेरिकेत रेमिंग्टनची 'क्लीनबोअर', जर्मनीत आर. डब्ल्यू. एस.ची 'सिनॉक्सिड'. क्लोरेटऐवजी बेरियम नायट्रेट, आणि पाऱ्याऐवजी शिशाचं स्टिफ्नेट. सैन्यांनी मात्र घाई केली नाही. क्लोरेटची टोपी वर्षानुवर्षं गोदामात पडूनही दगा देत नाही हे माहीत होतं. नव्या टोपीबद्दल तसं सांगता येत नव्हतं, आणि नळी धुवायला शिपाई होताच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या मुख्य रायफलीची काडतुसं क्लोरेटचीच होती. अपवाद एम-१ कार्बाइनचा. तिचा वायूच्या दाबावर चालणारा दट्ट्या रणांगणावर सोडवून धुता येण्यासारखा नव्हता, म्हणून तिला पहिल्यापासून गंज न आणणारी टोपी दिली गेली. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांना हफचा निबंध समजलेला होता, एवढं नक्की. सोव्हिएत गटातल्या देशांनी क्लोरेट आणखी कितीतरी वर्षं चालू ठेवलं.

१९९१ नंतर तिथली गोदामं उघडली आणि जुना माल अमेरिकेच्या नागरी बाजारात उतरला. ह्यूस्टनला माझा भाचा असतो. त्याच्याकडे मोसिन-नागांत ही रशियन रायफल आहे, आणि तिची काडतुसं तो हवाबंद डब्यातली घेतो. एका डब्यात चारशे चाळीस, लाकडी पेटीत असे दोन डबे, आणि डबा फोडायला पत्र्याची कापणीही सोबत. तिकडच्या संग्राहकांकडे थ्री-नॉट-थ्रीची जुनी काडतुसं असतात, त्यांत काहींच्या बुडावर 'के. एफ.' असा ठसा दिसतो. ती आपल्या खडकीची, १८६९ मध्ये सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्याची. पुण्याहून टेक्सासात गेलेल्या मालात हाही आहे, आणि त्यालाही धुण्याचा हाच नियम लागू.

भाच्याचं मत होतं की काच पुसायचं अमोनियाचं पाणी नळीत फवारलं की काम झालं. "मामा, अमोनियाने मीठ न्यूट्रल होतं, इथे सगळे तसंच सांगतात." मी म्हटलं, "अरे, मीठ न्यूट्रलच असतं. त्याला आणखी काय न्यूट्रल करणार?" अमोनियाने नळीत चिकटलेलं गोळीचं तांबं सुटायला मदत होते, हे खरं, पण क्लोराइडच्या बाबतीत त्या बाटलीतलं काम करणारं द्रव्य म्हणजे पाणी, आणि ते नळाला फुकट येतं.

नोकरी रसायनशास्त्र शिकवण्यात गेल्यामुळे मला वादापेक्षा परीक्षानळी बरी वाटते. त्याच्या ओळखीच्या एका शिक्षिकेकडून सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण आणि पातळ नायट्रिक आम्ल मिळालं. मैदानावरून परतल्यावर त्याने नेहमीच्या तेलकट द्रावकाने नळी स्वच्छ केली. चिंदी पांढरी आली. मग त्याच नळीतून थोडं ऊर्ध्वपातित पाणी ओतून खाली धरलं (नळाच्या पाण्यात स्वतःचं क्लोराइड असतं, ते इथे चालत नाही). आम्लाचा एक थेंब, सिल्व्हर नायट्रेटचे दोन, आणि नळीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालं. नंतर किटलीभर कढत पाणी ओतलं, नळी वाळू दिली आणि पुन्हा ऊर्ध्वपातित पाण्याने तीच परीक्षा केली. अगदी पुसट धूसरपणा. आणखी एका धुण्यानंतर तोही गेला. पहिल्या परीक्षानळीकडे तो बराच वेळ बघत होता, कारण चिंदी पांढरी आली होती.

जुनी रायफल विकत घेणारे म्हणून बाहेरच्या लाकडाआधी नळीत डोकावतात. प्रकाशाकडे धरली की धुतलेल्या नळीतल्या पिळाच्या खाचांच्या कडा धारदार दिसतात. न धुतलेलीत खाचांच्या कोनांत काळे खळगे असतात, चेचक आलेल्या चेहऱ्यासारखे. ते घासून जात नाहीत. तिथलं पोलाद गेलेलं असतं. खळग्यात तेल आणि काजळी साठते, पुढच्या वेळचं मीठही तिथेच अडकतं, आणि चिंदीचं टोक तिथपर्यंत पोचत नाही. एकदा खळगे पडलेल्या नळीला नव्या नळीपेक्षा जास्त पाणी लागतं.

भाचा आता नव्या काडतुसांकडे वळायचं म्हणतो. त्यांना पाणी लागणार नाही. पण त्यांच्या टोपीत शिसं आहे आणि ते धुरातून हातावर, कपड्यांवर बसतं. बंदिस्त नेमबाजी-केंद्रांत हवा खेळती ठेवण्याचे आणि तिथल्या कामगारांचं रक्त तपासण्याचे नियम त्यामुळेच आले. क्लोरेटच्या डब्यावर लिहिलेलं नसतं तसं याही डब्यावर ठळक काही नसतं. मी त्याला एवढंच सांगून आलो की मैदानावरून निघताना, काही खाण्याआधी, हात गार पाण्याने आणि साबणाने धुवायचे, आणि तो शर्ट पोरांच्या कपड्यांत टाकायचा नाही.